आकडा दिलात, आता तपासणीची नोंदही द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेमवर आलेला लेख वाचला. घरात न उघडलेला गेम पडून असेल तर तो अमेरिकेत पाठवा, तिथून ‘ग्रेड’ मिळवा आणि लिलावात काढा, असा त्याचा एकंदर सूर. सोबत पारदर्शक पेटीतल्या गेमचा फोटो, वर ठसठशीत ९.८, खाली कोटींतली किंमत. त्या दिवसापासून आमच्या सोसायटीत माळे उपसणं चालू आहे. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी तर जिन्यातच गाठून विचारलं, ‘तुमची सगळी नोकरी तपासणीत गेली, तुम्हीच सांगा, पाठवू का?’ लेखात किंमत होती, फी होती, पार्सल कसं बांधावं हेही होतं. तो ९.८ कुठून येतो, एवढंच नव्हतं. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, जमेल तेवढं छापावं.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झाले. गाड्यांचे सुटे भाग बनायचे आमच्याकडे. सुरुवातीला बेंचवर व्हर्नियर घेऊन, नंतर पुरवठादारांच्या मालाची तपासणी, शेवटी विभागाची जबाबदारी. गेम मला खेळता येत नाहीत. नव्वदच्या सुमाराला भावाने टीव्हीला जोडून खेळायचा ‘समुराई’चा सेट आणला होता, त्यातल्या मारिओला मी दर वेळी पहिल्याच खड्ड्यात घालायचे. संग्राहक आहे तो माझा भाचा. ऐरोलीला राहतो, आणि या धंद्यातलं मला जे काही कळतं त्यातलं निम्मं त्याच्याकडून आलेलं. उरलेलं निम्मं वागळे इस्टेटचं.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गेम कंपनीकडे पाठवायचा. त्यांनी तो अस्सल आहे का पाहायचं, खोक्याची आणि वरच्या प्लास्टिकच्या वेष्टनाची अवस्था तपासून आकडा द्यायचा, मग ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून परत पाठवायचा. अमेरिकेत व्हीजीए ही कंपनी हे काम आधीपासून करत होती, शंभरपैकी गुण देऊन. २०१७ मध्ये डेन्व्हरला वाटा गेम्स सुरू झाली आणि तिने कॉमिक्सच्या चालीवर दहापैकी आकडा आणला; गेम सीलबंद असेल तर वेष्टनाला निराळं अक्षर, सर्वांत वरचं ए++. नंतर कॉमिक्सवाली सीजीसीही यात उतरली. फेब्रुवारी २०१९ मध्ये वाटाने ९.४ दिलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १,००,१५० डॉलरला गेला. एप्रिल २०२१ मध्ये त्याच गेमची दुसरी प्रत ६,६०,००० डॉलरला. जुलैमध्ये दोन दिवसांच्या अंतराने ‘लेजंड ऑफ झेल्डा’ ८,७०,००० आणि ‘सुपर मारिओ ६४’ १५,६०,००० डॉलरला, म्हणजे रुपयांत साडेअकरा कोटींच्या घरात. ऑगस्टमध्ये आणखी एक मारिओ २० लाख डॉलरला. ‘मारिओ ६४’ हा १९९६ चा गेम आणि त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या, तेव्हा गेम म्हणून त्याला दुर्मीळ कोणीच म्हणणार नाही. त्या प्रतीला मिळालेला ९.८ आणि ए++ हा शिक्का तेवढा दुर्मीळ. साडेअकरा कोटींतले गेमचे किती आणि शिक्क्याचे किती, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

लेखात हेही यायला हवं होतं की २०१९ च्या त्या लाख डॉलरच्या व्यवहारात विकत घेणारे तिघे होते आणि त्यांतले एक होते हेरिटेज या बड्या लिलावसंस्थेचे सहसंस्थापक. पुढे एप्रिल आणि जुलै २०२१ चे विक्रम झाले ते याच संस्थेच्या लिलावात. ऑगस्ट २०२१ मध्ये कार्ल जॉब्स्ट या ऑस्ट्रेलियन यूट्यूबरने वाटा आणि हेरिटेज यांनी मिळून भाव फुगवल्याचा आरोप केला; दोघांनीही तो साफ फेटाळला. मे २०२२ मध्ये वाटाच्या काही ग्राहकांनी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा लावला, त्यात भाव फुगवल्याचा आरोप होता आणि सांगितलेल्या मुदतीत गेम परत न दिल्याचाही. आता यूट्यूबर म्हणजे न्यायाधीश नव्हे. याच जॉब्स्टविरुद्ध एका अगदी वेगळ्या प्रकरणात २०२५ मध्ये बदनामीचा निकाल लागलेला आहे, त्यामुळे त्याचं बोलणं मी वेदवाक्य मानत नाही. मला कटाची गरजही वाटत नाही. कोणी लबाडी केली नाही, सगळे सज्जन आहेत असं धरलं तरी माझे प्रश्न जागच्या जागी राहतात.

आमच्याकडे तपासणी दोन तऱ्हेची असे. एक मापाची. व्यास इतका, वर-खाली इतके मायक्रॉन चालतील. मायक्रोमीटरवर कॅलिब्रेशनचा, म्हणजे अवजार बरोबर मोजतं का ते तपासल्याचा, स्टिकर, त्यावर पुढची तारीख; तारीख उलटली की ते अवजार वापरातून बाद. दुसरी डोळ्यांची: ओरखडा, डाग, प्लेटिंगवरचा फोड. ही दुसरी फार दगाबाज. सकाळच्या पाळीतली मुलगी जो ओरखडा नापास करते तोच रात्रपाळीचा माणूस पास करतो, आणि दोघंही प्रामाणिक असतात. म्हणून डोळ्यांच्या तपासणीला ‘लिमिट सॅम्पल’ ठेवतात. इतपत ओरखडा चालेल, असा खराखुरा नग, त्यावर सही आणि तारीख, बेंचवर नजरेसमोर टांगलेला. टेबलावर उजेड किती लक्स हवा तेही ठरलेलं.

आणि मग तपासनिसांचीच तपासणी. बरे-वाईट मिळून पन्नास नग घ्यायचे, नंबर झाकायचे, तीन तपासनीस बसवायचे आणि प्रत्येकाला तेच नग क्रम बदलून पुन्हा पुन्हा दाखवायचे. इतरांशी सोडा, माणूस स्वतःशी किती वेळा सहमत होतो ते यात कळतं. आमच्याकडे हे पहिल्यांदा झालं तेव्हा ज्यांचा शब्द आम्ही अखेरचा मानायचो त्या ज्येष्ठ गृहस्थांनी एकाच नगाला एकदा पास केलं, एकदा नापास केलं आणि तिसऱ्यांदा ‘हा नग वेगळा आहे’ म्हणाले. त्यानंतर आठवडाभर ते कँटीनला आमच्याबरोबर बसले नाहीत.

हे झालं पास आणि नापास अशा दोनच खणांचं. गेमच्या पट्टीवर नवाच्या वर ०.२ ची पायरी आहे: ९.२, ९.४, ९.६, ९.८. पुठ्ठ्याचा कोपरा किती दबला की ९.८ चा ९.६ होतो? वेष्टनाला किती लांबीची चीर चालते? कंपन्यांची वर्णनं वाचा, ‘किरकोळ झीज’, ‘अगदी किंचित दोष’ अशी विशेषणं आहेत. विशेषणांनी भरलेलं ड्रॉइंग कोणी मला कारखान्यात आणून दिलं असतं तर मी ते तसंच परत पाठवलं असतं. इथे त्या विशेषणांच्या एका पायरीवर लोक लाखांनी पैसे जास्त मोजतात. माझी मागणी साधी आहे. तेच पन्नास गेम, लेबलं झाकून, तुमच्याच तीन तज्ज्ञांना दोन-तीनदा दाखवा आणि निकाल जाहीर करा. आकडे जुळले तर मी माझं पत्र मागे घेईन. नाण्यांना आणि खेळाडूंच्या कार्डांनाही अशीच ग्रेड मिळते, आणि त्या दुनियेत पेटी फोडून तीच वस्तू पुन्हा पाठवायची, वरचा आकडा पडेपर्यंत, हा रूढ प्रकार आहे. नापास झालेला लॉट एखाद्या पुरवठादाराने चार दिवसांनी तसाच पुन्हा आमच्या गेटवर आणला असता तर गेटवरच्या शिपायानेच त्याला वाटेला लावलं असतं.

भाव चढत होते त्या सुरुवातीच्या वर्षांत तर वाटाने कोणत्या गेमच्या किती प्रतींना कोणता आकडा दिला, याची यादीही प्रसिद्ध केलेली नव्हती. ‘सर्वोच्च ग्रेड’ म्हणून बोली लावणाऱ्याला तसे आणखी किती नग रांगेत उभे आहेत हे कळायला मार्ग नव्हता.

आता भाच्याचं प्रकरण. २००९ साली ‘हनुमान: बॉय वॉरियर’ नावाचा प्लेस्टेशन २ चा गेम आला होता, हैदराबादच्या कंपनीचा. पूर्णपणे भारतातच तयार झालेला पहिला पीएस२ गेम म्हणून तेव्हा त्याच्या बातम्या आल्या. खेळायला यथातथाच, असं भाचाच म्हणतो, पण पहिला तो पहिला. ठाणे स्टेशनजवळचं एक सीडीचं दुकान बंद होताना त्याने याच्या दोन सीलबंद प्रती उचलल्या, एकाच खोक्यातल्या. इतकी वर्षं त्या कपाटात होत्या. मध्यंतरी वाशीचा एक एजंट, जो बऱ्याच जणांचे गेम आणि कार्डं गोळा करून एकगठ्ठा अमेरिकेला पाठवतो, त्याच्यामार्फत त्याने दोन्ही प्रती ग्रेडिंगला धाडल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, दुसरीकडे पाठवल्या असत्या तर वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही.

पाठवण्याआधी तो त्या माझ्याकडे घेऊन आला. सवय जात नाही. मी दहापट भिंग काढलं, टेबललॅम्प तिरका धरला आणि दोन्ही प्रती पाहून वहीत नोंद केली. प्रत अ: वेष्टनाला मागच्या बाजूस, खालच्या कडेला, बारकोडच्या डावीकडे तीन मिलिमीटरची चीर, चिरेचं एक टोक उचललेलं, नख अडकतं. प्रत ब: वेष्टन अखंड, केसच्या कण्यावर आतल्या छापील कागदाला फिकी उभी रेघ, उन्हाची नव्हे, घडीची. शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढले. भाचा हसत होता. पुढे बरेच महिने काही पत्ता नाही, मग एकदाच्या दोन्ही पेट्या आल्या. चीर असलेल्या प्रतीच्या वेष्टनाला वरचं अक्षर आणि अखंड वेष्टनाच्या प्रतीला खालचं. चीर जागेवरच होती, ॲक्रिलिकमधून मला स्वच्छ दिसत होती. तिच्या शेजारी पेटीच्या आत एक पापणीचा केसही होता, तो मात्र आमच्या नोंदीत नव्हता.

कदाचित दोन प्रतींची लेबलं आपसांत बदलली असतील. कारखान्यातही असं होतं, माणसंच काम करतात. पण ते तरी कशावरून ठरवायचं? भाच्याने एजंटाला विचारलं, एजंटाने मेल केला, उत्तर आलं की ग्रेड हे तज्ज्ञांचं मत असतं, फेरतपासणी हवी असेल तर पुन्हा फी भरून पाठवा. कोणता दोष धरला, कोणता सोडला, याचा एका ओळीचाही कागद सोबत नाही. आमच्याकडे पैशापावलीचा वॉशर नापास झाला तरी रिजेक्शन स्लिप निघायची. नग कोणता, दोष कोणता, कुठे, तपासलं कोणी. ती स्लिप घेऊन पुरवठादार माझ्या टेबलाशी येऊन भांडायचा, आणि त्याला भांडता यावं म्हणूनच ती असायची. पुष्कळदा त्याचं बरोबर निघायचं. मी हे भाच्याला सांगितलं तर म्हणाला, ‘मावशी, तिकडे असं कोणी विचारत नाही गं.’ कोट्यवधींचे व्यवहार होतात आणि कोणी विचारत नाही!

फीबद्दल. पैसे गेम पाठवणारा देतो, म्हणजे तपासणी त्याच्याच बाजूने होणार, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मी तो घेणार नाही. आमच्या मालाची त्रयस्थ तपासणी करायला बाहेरचे इन्स्पेक्टर येत, त्यांचंही बिल आमचीच कंपनी भरायची, आणि तरी त्यांनी आमचे लॉट अडवलेले मी पाहिले आहेत. पैसे कोण देतो त्यापेक्षा ते कशावर मोजले जातात ते पाहावं. राम मारुती रोडवर कानातले घ्या नाहीतर पाच तोळ्यांचा हार घ्या, हॉलमार्कची फी सोन्याच्या नगामागे ठरावीक. दागिना महाग निघाल्याने शिक्का मारणाऱ्या केंद्राच्या खिशात जास्त काही पडत नाही. वर २०२१ पासून नगावर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी आला, तो मोबाइलवर टाकला की कोणत्या केंद्राने तपासलं ते दिसतं, आणि शुद्धता कमी भरली तर भरपाई मागायची सोय नियमांत आहे. गेम आणि कार्डांच्या ग्रेडिंगमध्ये फीचे टप्पे वस्तूच्या जाहीर किमतीबरोबर चढत जातात. किंमत ठरते आकड्यावरून, आणि आकडा देणार फी घेणाराच. महाग वस्तूचा विमा आणि सांभाळ महाग पडतो, असं याचं समर्थन करतात. मग विम्याचे पैसे वेगळे लावा ना! तपासणीच्या टेबलावर किमतीचा कागद येता कामा नये. आमच्या बेंचवरच्या मुलींना लॉटची किंमत कधीच माहीत नसे, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं होतं.

एकदा बसलेला शिक्का किती घट्ट बसतो, याचं उदाहरण गेमबाहेरचं आहे, पण घर एकच. वाटा ही कंपनी २०२१ मध्ये कलेक्टर्स युनिव्हर्सने घेतली, आणि खेळाडूंच्या कार्डांना ग्रेड देणारी पीएसए त्यांचीच. १९९१ मध्ये पीएसएने ज्या कार्डापासून सुरुवात केली ते होतं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं, शंभर वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटातून येणारं. त्याला आकडा दिला ८. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने अमेरिकेच्या न्यायालयात कबूल केलं की ते आपल्या हातात असताना त्याच्या कडा आपण कापल्या होत्या. कडा कापलेल्या कार्डाला आकडा मिळायलाच नको, असा या धंद्याचा स्वतःचा नियम. कंपनीच्या पहिल्याच नगावर तो दोष असूनही आकडा बसला, आणि त्या दोषावर शिक्कामोर्तब झालं ते कापणाऱ्याने तोंड उघडलं तेव्हा.

यावरून माझा सगळ्याच तपासणीला विरोध आहे असं कोणी समजू नये. गेम अस्सल आहे का, वेष्टन कारखान्यातलंच आहे का, हे सांगणारा कोणीतरी लागतोच. गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या पोकेमॉन गेमच्या नकली कार्ट्रिजांचा, म्हणजे गेम ज्यात भरलेला असतो त्या डब्यांचा, बाजारात सुळसुळाट आहे. पुन्हा सील करणं तर हातचा मळ. आमच्या पॅकिंग विभागात एल-सीलर आणि श्रिंक टनेल होतं. खोक्याभोवती फिल्म गुंडाळायची, दांडा दाबून जोड द्यायचा, गरम हवेच्या बोगद्यातून काढायचं, की दहा वर्षं धूळ खाल्लेलं खोकंही आज आलेल्या मालासारखं दिसतं. फरक ओळखायचा तर मूळ कारखान्याने जोड कुठे दिला होता ते माहीत हवं. निन्टेन्डोच्या जुन्या खोक्यांना पाठीवर आडवा जोड असे, काही गेमच्या वेष्टनाला बाजूंवर वाय आकाराची घडी. जोडाची रुंदी, फिल्मची जाडी, घडीचा कोन, हे ज्याने हजारो नग हाताळले त्यालाच दिसतं. या नजरेचे पैसे जरूर घ्यावेत. याचं उत्तर हो, नाही, नाहीतर सांगता येत नाही, असं मिळतं, आणि चुकलं तर चुकलं म्हणून दाखवता येतं. हे काम वेगळं आणि दशांश चिन्हाचं काम वेगळं. दोन्ही एकाच लेबलावर छापल्यामुळे पहिल्याची पत दुसऱ्याला लाभते.

अर्थात अस्सलपणालाही मर्यादा आहेच. सीलबंद खोकं उघडलं की त्याची किंमत गेली, म्हणून ते उघडायचं नाही. आत कार्ट्रिज आहे, की आहे असं धरून चाललो आहोत? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इतक्या शब्दशः मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

राहिली मुदत. आमच्या कॅलिब्रेशनच्या दाखल्याला मुदत असे, कारण वस्तू बदलते. पुठ्ठा तर फारच बदलतो. जुलैच्या पावसात ठाण्यात पुठ्ठ्याचं खोकं भिंतीच्या कपाटात ठेवा, कडा फुगलेल्या मिळतील. श्रिंक फिल्म वर्षानुवर्षं आकसत राहते आणि खोक्याचे कोपरे आत ओढते. ॲक्रिलिकची पेटी बोटं आणि धूळ अडवते. उकाडा तिच्यातून आत जातो आणि आत अडकलेला दमटपणा तिथेच राहतो. लेबलावरचा आकडा मात्र ज्या दिवशी छापला त्या दिवशी होता तोच. १९८७ साली अमेरिकेत आलेल्या ‘झेल्डा’च्या कार्ट्रिजमध्ये खेळ जिथवर आला तिथवर साठवून ठेवायला लिथियमचा बटण-सेल आहे. असा सेल साधारण पंधरा-वीस वर्षांचा धनी. भाचा असे सेल स्वतः बदलतो, स्क्रू काढायचे, जुना सेल सोल्डर सोडवून काढायचा, नवा बसवायचा, चहा होईपर्यंत काम होतं. लिलावात ८,७०,००० डॉलरला, म्हणजे साडेसहा कोटींच्या घरात गेलेल्या त्या पेटीतला सेल कोण बदलणार? तो आत संपून गेला असेल, गळला असेल, तरी त्या प्रतीला मिळालेला ९.० हलणार नाही, कारण तो आकडा मुळात गेमचा नाहीच, खोक्याचा आहे.

आता आपल्याकडची मागणी. अशा लिलावांची बातमी छापू नका असं मी म्हणत नाही, वाचायला मजा येते. पण ‘गुंतवणूक’ हा शब्द मथळ्यात घालायचा असेल तर ग्रेड देणारी कंपनी कोणाच्या मालकीची, विकत घेणारा कोण हे जाहीर आहे का, आणि तोच गेम नंतर कितीला गेला, एवढं त्याच बातमीत यावं. शेअरच्या बातमीत आपण हे पाळता. २०२१ चे विक्रम अजून छापले जातात. त्यानंतर बाजार थंडावला, हे मथळ्यात येत नाही.

आणि माळे उपसणाऱ्यांना. घरात सापडलेला गेम उघडलेला असेल, आणि बहुतेकांचा तो असणारच, तर तो पुसून खेळा किंवा खेळणाऱ्याला द्या, ग्रेडिंगची फी बहुधा त्याच्या किमतीहून जास्त होईल. सीलबंद निघालाच आणि पाठवायचाच असेल, तर एजंट व्हॉट्सॲपवर ‘मिळाला’ एवढं लिहितो त्यावर भागवू नका. पावती घ्या, तिच्यावर मालाची अवस्था लिहून घ्या, चीर कुठे, दाब कुठे, किती मिलिमीटर, दोघांच्या सह्या, आणि फूटपट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो. कस्टमची ड्युटी वाचवायला पार्सलवर किंमत कमी लिहू का, असं तो विचारेल, किंवा न विचारता लिहील. तसं होऊ देऊ नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय पार्सल वाटेत गहाळ झालं तर भरपाई त्या लिहिलेल्या किमतीचीच मिळते, लेबलावर काहीही छापलेलं असो.

आपली,
एक निवृत्त तपासनीस, नौपाडा, ठाणे (पश्चिम)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)